डबल बेस वाजवणाऱ्या मुलीने पुढची वाट कशी धरावी?

मलप्रभाकाठ:
नमस्कार. माझी मुलगी यंदा दहावीला आहे आणि पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतात डबल बेस (व्हायोलिनसारखेच, पण माणसाएवढे मोठे, उभे धरून गजाने वाजवायचे खर्जातले वाद्य) वाजवणे हाच व्यवसाय करायचा, असे तिने ठरवले आहे. आम्ही खानापूर तालुक्यातले. आजोबांपासून घरात पेटी-तबला आहे, त्यामुळे संगीताला कोणाचाच विरोध नाही, मात्र हे वाद्य आमच्या ओळखीत कोणी जवळून पाहिलेलेही नाही. ती बेळगावात चार वर्षे व्हायोलिन शिकली आणि गेली दोन वर्षे सुट्टीत म्हापशाला मावशीकडे राहून एका शिक्षकांकडे डबल बेस शिकते. त्यांनी प्लायवूडचे एक जुने वाद्य वापरायला दिले, ते आम्ही गाडीची मागची सीट काढून चोर्ला घाटातून घरी आणले. रात्री ती सर्वांत जाड तारेवर गज ओढते तेव्हा फडताळातली भांडी बारीक थरथरतात. कर्ज काढून तिला चांगल्या लाकडाचे वाद्य घ्यावे का, आणि यावर तिचे पोट भरेल का, हे जाणकारांनी सांगावे.

चौथी तार:
मी मुंबईत बरीच वर्षे हे वाद्य वाजवले आहे. कर्ज आताच काढू नका. व्हायोलिनच्या तारा पाच-पाच स्वरांच्या अंतराने लावतात, तर डबल बेसच्या चार-चार. शिवाय खालच्या भागात पहिल्या बोटापासून करंगळीपर्यंत जेमतेम एक पूर्ण स्वर मावतो, म्हणून हात सतत सरकवावा लागतो. व्हायोलिनमुळे तिचा कान आणि स्वरलिपीचे वाचन तयार असेल, पण डावा हात नव्याने घडवावा लागेल आणि तो सुट्टीतल्या शिकवणीने घडत नाही. पैसा आधी दर आठवड्याच्या शिकवणीवर खर्च करा.

नोकरीचे म्हणाल, तर मोठ्या वाद्यवृंदात व्हायोलिनवादक तीसच्या आसपास असतात आणि डबल बेसवादक साधारण आठ. जागा थोड्या आहेत, पण वाजवणारेही थोडेच आहेत. आपल्याकडे मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ साली सुरू झालेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा वाद्यवृंद आहे, परंतु त्या एकाच ठिकाणावर भिस्त ठेवता येणार नाही; शिकवण्या आणि ध्वनिमुद्रणे यांची जोड द्यावीच लागते. १८३५ साली बोत्तेसिनी हा इटालियन मुलगा मिलानच्या संगीतशाळेत गेला तेव्हा शिष्यवृत्तीच्या जागा बासून (फुंकून वाजवायचे एक वाद्य) आणि डबल बेस या दोनच वाद्यांसाठी उरल्या होत्या, म्हणून व्हायोलिन शिकलेल्या त्या मुलाने डबल बेस हाती घेतला आणि पुढे या वाद्याचा सर्वांत नामवंत वादक झाला. तुमच्या मुलीला हे जरूर सांगा.

शहापूर पेठ:
मी पेट्या आणि तंतुवाद्ये दुरुस्त करतो. खानापूरच्या पावसात प्लायवूडचेच वाद्य बरे. कोरलेल्या लाकडाचे वाद्य पावसाळ्यात फुगते आणि दिवाळीनंतर कोरड्या हवेत आकसून त्याचे सांधे सुटतात. हे सांधे मुद्दाम सरसाने जोडलेले असतात, म्हणजे ताण आला की सांधा उघडतो आणि लाकूड तडकत नाही. तेथे कोणालाही पांढरा गोंद लावू देऊ नका. डबल बेसचे रोझिन (गजाच्या केसांना लावायची राळ) मऊ असते, ते उन्हात उभ्या गाडीत ठेवले तर वितळून पसरते.

मलप्रभाकाठ:
दोघांचेही मनापासून आभार. इथे जागा इतक्या थोड्या, तर पुढे परदेशी जाऊन शिकावे का, असाही विचार मनात येतो; तो खर्च मात्र आमच्या आवाक्याबाहेरचा आहे.

चौथी तार:
जर्मनीतील अनेक सरकारी संगीत विद्यापीठांत शिक्षणशुल्क नसते आणि अमेरिकेत फिलाडेल्फियातील कर्टिस ही संगीत संस्था १९२८ पासून ते घेतच नाही. राहण्याचा खर्च असतो आणि प्रवेशपरीक्षा अतिशय कठीण असते, पण परीक्षक वादन ऐकूनच निवड करतात. डिटर्सडॉर्फ या संगीतकाराची डबल बेससाठीची कॉन्चेर्तो (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांची रचना) आणि बेथोव्हेनच्या पाचव्या सिम्फनीतील तिसऱ्या भागाचा जलद बेसचा तुकडा ही तयारी आतापासून हवी. जर्मन भाषाही बारावीच्या आत सुरू करा.

मलप्रभाकाठ:
आज तिच्या मावशीशी बोलणे झाले. अकरावीचा प्रवेश म्हापशातच घ्यायचे ठरत आहे. तिची आई अजून गप्प आहे, पण वाद्याची खोळ तिनेच शिवायला घेतली आहे. पाऊस सुरू होण्याआधी वाद्य पुन्हा घाटातून न्यायचे आहे.