एसआरएसमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या गरजा नोंदवणाऱ्या दस्तऐवजात, गरज कोणती आणि आराखडा कोणता, हे कसे ओळखावे?

विद्यार्थिनी, खानापूर

बेळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रकल्पासाठी आमच्या गटाने गावातील दूध संकलन केंद्राची संगणक प्रणाली हा विषय घेतला आहे. ‘उत्पादकांची माहिती मायएसक्यूएलमध्ये साठवली जाईल’ हे एसआरएसमधील वाक्य मार्गदर्शकांनी आराखड्याचे म्हणून वगळायला सांगितले, ‘पावती मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांत मिळावी’ हे मात्र राहू दिले. हा भेद कोणत्या कसोटीवर करावा? शिवाय यूज केस, सिक्वेन्स आणि स्टेट यांपैकी कोणती आकृती कशासाठी काढावी?

सॉफ्टवेअर अभियंता, बेळगाव

मायएसक्यूएलच्या जागी दुसरा डेटाबेस आला, तर केंद्राच्या सचिवांच्या कामात काही फरक पडेल का, हे विचारून पाहावे. पडत नसेल, तर ती बाब आराखड्याची. पावती केवळ कन्नडमध्ये आली, तर ज्या उत्पादकाला कन्नड वाचता येत नाही त्याला फॅट किती लागले आणि दर कोणता धरला हे पडताळता येणार नाही. म्हणून ती खरी गरज आहे. मात्र तंत्रज्ञानाचे नाव दिसले की खोडावे, असा नियम करू नये. दूध संघाची प्रणाली आधीपासून चालू असून तिच्याशीच जोडणी करायची असेल, तर ते नाव बंधन म्हणून नोंदवावेच लागते.

‘प्रणाली वेगवान असावी’ हे वाक्य तपासता येत नाही. ‘फॅटची नोंद होताच ५ सेकंदांत पावती छापली जावी’ हे तपासता येते. पण तो आकडा सकाळची रांग पाहून ठरवावा, वसतिगृहात बसून नव्हे. वाक्यरचनेसाठी रोल्स-रॉइसमधील अ‍ॅलिस्टर मॅव्हिन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मांडलेली ‘ईअर्स’ पद्धत पाहावी. अमुक घडले असता प्रणालीने तमुक करावे, असा साचा तीत असल्यामुळे वीज गेल्यावर काय, हा प्रश्न आपोआप पुढे येतो.

अध्यापक, निपाणी

वरील उत्तराशी सहमत आहे. आकृत्यांविषयी थोडे लिहितो. यूज केस आकृती कोणाला काय साधायचे आहे एवढेच दाखवते, कामांचा क्रम दाखवत नाही. तरीही विद्यार्थी एका कामात दुसरे काम समाविष्ट आहे हे दाखवणारे ‘इन्क्लूड’चे बाण क्रमासाठी वापरतात आणि तोंडी परीक्षेत तिथेच अडकतात. वजनकाटा, फॅटयंत्र, प्रणाली आणि प्रिंटर यांच्यातील संदेशांचा क्रम सिक्वेन्स आकृतीत मांडावा.

माझ्या मते या प्रकल्पात सर्वाधिक उपयोग एखाद्या गोष्टीच्या अवस्था आणि त्यांतील बदल दाखवणाऱ्या स्टेट आकृतीचा होईल. दुधाची एक नोंद घ्या: स्वीकारलेली, तपासलेली, नाकारलेली, बिलात धरलेली. नाकारलेल्या नोंदीपुढे बाण कोठे न्यावा हे ठरवू लागलात, की सचिवांना काय विचारायचे राहिले आहे ते कळते.

आणखी एक गोष्ट: एसआरएस कसे लिहावे हे सांगणाऱ्या आयट्रिपलई ८३० या १९९८ च्या मानकाची जागा २०११ मध्ये २९१४८ क्रमांकाच्या मानकाने घेतली आणि त्याची सुधारित आवृत्ती २०१८ मध्ये आली. जुना साचा वापरायला हरकत नाही, परंतु तो प्रचलित मानक आहे असे लिहू नये.

विद्यार्थिनी, खानापूर

सर, दोघांचेही आभार. बिलात धरलेली नोंद नंतर चुकीची निघाली, तर ती पुन्हा ‘तपासलेली’ या अवस्थेत न्यावी का?

अध्यापक, निपाणी

ते आपण ठरवू नये. काही ठिकाणी जुनी नोंद तशीच ठेवून फरक पुढच्या बिलात वळता करतात. सचिवांचे उत्तर मिळेपर्यंत एसआरएसमध्ये तो अनिर्णित मुद्दा म्हणून, उत्तर कोणाकडून यायचे आहे त्या उल्लेखासह, नोंदवून ठेवावा.