अनुभव धागा: अर्धी राहिलेली गोधडी तुम्ही कुणासाठी पुरी केलीत?

शिवायला घेतलेल्या गोधड्या घरोघरी असतात, शिवून झालेल्या त्यापेक्षा कमी. मैत्रिणीसाठी, शेजाऱ्यांसाठी, कधी न पाहिलेल्या माणसांसाठी तुम्ही गोधडी, वाकळ, दुपटं पुरं केलं असेल तर इथे लिहा. सुरुवात मी करते.

माझ्या बालमैत्रिणीची आई गेली तेव्हा ट्रंकेत एक अर्धी गोधडी निघाली. वर इरकली लुगडं, खाली धोतर, मध्ये चार जुन्या सुती साड्या. कडेकडेने आत येत काकूंनी सोळा फेर घातले होते. सुई तशीच टोचलेली, गंजून कापडावर तिचा तांबूस डाग उमटलेला. मैत्रीण म्हणाली, "मला नाही जमायचं गं, तूच पुरी कर."

काकूंचा टाका ज्वारीच्या दाण्याएवढा, माझा त्याच्या दुप्पट. पहिले तीन फेर मी उसवले. मग त्यांच्या ओळींकडे नीट बघितल्यावर कळलं, त्या एकेक टाका ओढत नसाव्यात. सुईवर तीन-चार टाके भरायचे आणि मग दोरा एकदम ओढायचा, म्हणून त्यांची ओळ अशी सरळ जाते. दोरा मेणावरून ओढून घेतला तेव्हा गुंता थांबला. दिवाळीला बसले ती होळीला उठले. डाग काढायला मन झालं नाही. मैत्रिणीने गोधडी मांडीवर घेतली, डोळे मिटून बोटं फिरवत आली आणि आईचा टाका जिथे संपतो तिथे बरोबर थांबली.

*

पुण्याहून लिहिते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरकडे पूर आला तेव्हा आमच्या सोसायटीतल्या बायकांनी अकरा गोधड्या पुऱ्या करून पाठवल्या. त्या चुकल्या. प्रेमापोटी आम्ही सहा-सहा साड्या भरल्या होत्या. पाणी ओसरलं तरी घरांच्या भिंती ओल्या, ऊन नाही, आणि एवढी जाड गोधडी एकदा भिजली की आठ दिवस वाळत नाही, कुबट वास धरते. तिथल्या एका मावशींनी फोनवर सांगितलं, "ताई, दोन पदरीच द्या, पर जास्त द्या." त्यांचे उपकार मानते.

पुढच्या खेपेला हिशेब बदलला. नऊवारीत साधारण आठ मीटर कापड असतं. दोन-दोन मीटरचे चार तुकडे केले की एका माणसापुरत्या दोन हलक्या गोधड्या होतात. वीतभर अंतरावर धावदोरा, कडेला दुमड, झालं. नक्षीचा हट्ट सोडल्यावर पंधरवड्यात बत्तीस झाल्या. आणि एक विनंती: आपण स्वतः पांघरणार नाही असं विटकं कापड दुसऱ्याच्या गोधडीत घालू नका. मदतीच्या ढिगाऱ्यात असलं खूप येतं, आणि ते घेणाऱ्याला कळतं.

*

मी नवजात बाळांच्या कक्षासाठी दुपटी शिवते. आधी तिथल्या सिस्टरना विचारा, मग शिवा. मी न विचारता कोपऱ्यांना गोंडे लावले होते, ते सगळे कापून परत आले. गोंडा नको, टिकली नको, जरीचा काठ तर मुळीच नको, बाळाची कातडी सोलते. दोऱ्याचं टोक मोकळं ठेवू नका, बोटाभोवती गुंडाळलं जातं. धुऊन धुऊन मऊ झालेली मलमल सगळ्यात चांगली. ३७ आठवड्यांच्या आत जन्मलेलं बाळ आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवतात, त्याला कांगारू मदर केअर म्हणतात. तेव्हा दुपटं दोघांवरून घ्यायचं असतं, म्हणून ते बाळाच्या मापाचं नाही, आईच्या मापाचं शिवा. हे मला दुसऱ्या वर्षी कळलं.

*

अमेरिकेत राहते. इथल्या क्विल्ट करणाऱ्या बायका अर्धवट कामाला 'यूएफओ' म्हणतात, अनफिनिश्ड ऑब्जेक्ट. आमच्या गटात कुणी आजारी पडलं की तिचे यूएफओ बाकीच्या वाटून घेतात. मी मशीन सोडून हातानेच टाके घालते, आणि आता त्या माझ्याकडून धावदोरा शिकतात.

*

मी पैसे घेऊन गोधड्या शिवते, तर माझंही लिहा म्हटलं. "मैत्रिणीची आहे, तेवढी पुरी करून द्या" असं म्हणून लोक पंधरा दिवसांचं काम फुकट मागतात. मैत्रिणीला द्यायचीय तर स्वतः शिवा, नाहीतर शिवणारीला तिची मजुरी द्या. दान म्हणून मी दरवर्षी दोन शिवते, त्या कुणाच्या सांगण्यावरून नाही.

*

आम्ही लातूर जिल्ह्यातले, किल्लारीच्या बाजूचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी, भूकंपात घर बसलं. मी आठ वर्षांचा होतो. मागून पाऊस लागला. मदतीच्या ट्रकमधून आमच्या वाट्याला एक वाकळ आली. कोणत्या गावची, कधीच कळलं नाही. कुणीतरी घाईघाईत पाठवलेली, कारण कडेचे फेर झालेले आणि मधला भाग नुसता कच्च्या टाक्यांवर. पांघरली की आतल्या चिंध्या एका बाजूला गोळा व्हायच्या.

आजी बघून म्हणाली, "बिचारीनं हातातली काढून दिली की गं." माझी आई, आजोबा आणि धाकटा चुलता गेल्यापासून आजी बोललीच नव्हती. ते पहिलं वाक्य.

सुई शेजारच्या पत्र्याच्या खोलीतून मिळाली, दोरा कुठे मिळेना. मदतीच्या गव्हाचं पोतं रिकामं झालं तसं आजीने त्याच्या तोंडाची शिवण उसवली आणि तो दोरा थुंकी लावून पिळून घेतला. रोज संध्याकाळी उजेड असेतो बसायची. मी चारी कोपऱ्यांवर दगड ठेवून वाकळ ताणून धरायचो. पाठवणारीचा दोरा काळा होता.

ती वाकळ अजून आमच्याकडे आहे. मधल्या भागात पोत्याचा दोरा आहे, तिथे ती जराशी टोचते.