आकडा स्थिरावल्यावर एककही ऐकावे
इंटरनेटचा वेग मोजणारी चाचणी सुरू केल्यावर स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, गप्प राहतो, ही अडचण मला अनेकदा आली आहे. फिरणाऱ्या काट्याचे चित्र त्याला वाचता येत नाही आणि सतत बदलणारा आकडा तो आपणहून सांगेलच असे नाही. म्हणून मला वेग मोजण्यासाठी फास्ट डॉट कॉम हे संकेतस्थळ सोयीचे वाटते, कारण तेथे पान उघडताच मोजणी आपोआप सुरू होते आणि थोडे थांबून बाणाच्या कळीने खाली गेले की निकाल ऐकू येतो. ऊकला या वेगचाचणी पुरवणाऱ्या कंपनीचे कमांड लाइनवर, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञांवर, चालणारे साधन तर साधा मजकूरच देते. एककातील 'बी' मात्र अक्षरागणिक वाचून तपासावा, कारण लहान लिपीतील 'बी' म्हणजे बिट आणि मोठ्या लिपीतील 'बी' म्हणजे बाइट; एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोठ्या लिपीतील अक्षर चढ्या स्वरात उच्चारतो. आठ बिटांचा एक बाइट होतो, म्हणून १०० मेगाबिट म्हणजे अवघे १२.५ मेगाबाइट.