मदत हवी आहे: किंग्ज कॅन्यनमध्ये हिमनदीच्या खुणा कशा ओळखायच्या?

मंडळी, कॅलिफोर्नियातल्या किंग्ज कॅन्यनला परत जायचंय आणि यावेळी नुसते फोटो काढून यायचं नाहीये, नीट समजून घ्यायचंय, म्हणून विचारतेय. मागच्या वेळी गाडीने खालून वर जाताना दरी आधी अरुंद, इंग्रजी व्ही सारखी होती, आणि सीडर ग्रोव्हच्या आसपास एकदम रुंद झाली, तळ सपाट, दोन्ही बाजूला ग्रॅनाइटच्या उभ्या भिंती. म्हणजे वरची रुंद दरी हिमनदीने कोरली, तिचा बर्फ तिथपर्यंतच आला आणि खालची दरी नदीने कापली, एवढं कळलं.

पण वर एका खडकावर हात फिरवला तर काचेसारखा गुळगुळीत, त्यावर बारीक रेघा, सगळ्या एकाच दिशेने. हे हिमनदीचं पॉलिश का पाण्याचं? मला वाटतं पाणी खड्डे आणि वळणदार आकार करेल, अशा सरळ रेघा नाही ओढणार, पण तिथे उभं राहून खात्रीने कसं सांगायचं?

अजून एक, दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर ओक आणि मँझनिटाची झुडपं, समोरच्या सावलीच्या उतारावर मात्र फरची दाट झाडी, हे फक्त उन्हामुळे होतं की बर्फाने माती खरवडून नेली त्याचाही हात आहे? झुमवॉल्ट मेडोसारखी कुरणं हळूहळू जंगल होत जातात म्हणे, तेही कुणी बघितलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.