जर्मन सिम्फॉनिक प्रॉग आणि त्यातली कविता: कसं ऐकायचं, कुठून सुरू करायचं?

डोंबिवली_स्लो

नमस्कार मंडळी, इतके दिवस वाचनमात्र होतो, पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

येस, जेनेसिस, कॅमल, पिंक फ्लॉइड हे सगळं प्रॉग (म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉक) कॉलेजपासून ऐकतोय, त्यामुळे वीस मिनिटांचा ट्रॅक, मधेच बदलणारा ताल, ऑर्गनचे लांबलचक तुकडे याची सवय आहे. मध्यंतरी यूट्यूबने आपणहून एक जर्मन अल्बम पुढे लावला, नोवालिस नावाचा बँड, 'झॉमरआबेंड', १९७६ चा. अख्ख्या अल्बममध्ये तीनच ट्रॅक आणि शेवटच्याने एलपीची दुसरी बाजू पूर्ण व्यापलेली. तेव्हापासून ऑफिसला जाताना येताना दुसरं काही लागतच नाहीये.

आता प्रश्न. अकरावी-बारावीला मार्क चांगले पडतात म्हणून मी जर्मन घेतलं होतं (आपल्याकडे निम्मी पब्लिक याच कारणाने घेते), नंतर काळा घोड्याला मॅक्सम्युलर भवनात ए-टूपर्यंत (म्हणजे सुरुवातीची दुसरी पातळी) केलं. त्यामुळे गाण्यातले सुटे शब्द कळतात, रात्र, आकाश, फूल वगैरे, पण ओळ म्हणून काही हाती लागत नाही. मग आधी लिरिक्स घेऊन बसावं आणि मग ऐकावं, की नुसतं ऐकत राहावं? आणि पुढे कोणते बँड घ्यावेत? एक मित्र म्हणतो की जर्मन रॉक म्हणजे कॅन, नॉय, फाउस्ट, तेच खरं ओरिजिनल, बाकीच्यांनी इंग्लिश बँडची कॉपी मारली. मला ते पटत नाहीये पण उत्तर काय द्यायचं तेही सुचत नाहीये.

मेलोट्रॉन_माटुंगा

मस्त धागा! या विषयावर मराठीत कोणी काही विचारेल असं वाटलंच नव्हतं.

आधी मित्राचं बघू. कॅन, नॉय, फाउस्ट मलाही प्रचंड आवडतात, पण त्यांचा शोध वेगळा होता. त्यांना इंग्रज-अमेरिकन रॉक आणि स्वतःच्या आधीच्या पिढीचं सगळंच बाजूला सारून कोरी सुरुवात करायची होती. नोवालिस, होल्डरलिन या बँडनी उलटा रस्ता धरला, ते मागे वळले आणि थेट १८०० सालच्या आसपासच्या कवींपाशी जाऊन थांबले. आता विचार कर, युद्ध संपून पंचवीस-तीस वर्षं झालेली, जर्मन भाषेत काही भव्य, भावनेने भरलेलं म्हणायचं म्हटलं की तरुण पोरांना संकोच वाटायचा कारण ती भव्यता नाझींनी पार नासवून ठेवली होती, रेडिओवर जर्मन गाणं म्हणजे बहुतेक श्लागर, म्हणजे गुळगुळीत पॉप गाणी, आणि अशा वेळी हॅम्बुर्गची चार-पाच पोरं लांब केस वाढवून, अँप्लिफायर लावून आपल्या भाषेतली सगळ्यात हळवी कविता गायला उभी राहतात. याला कॉपी म्हणणं अन्याय आहे रे. वाद्यांची मांडणी इंग्लंडवरून आली, मान्य, पण काळीज तिथलंच आहे.

नोवालिस बँडचं नाव ज्याच्यावरून आलं तो कवी नोवालिस म्हणजे फ्रीडरिश फॉन हार्डेनबेर्ग, १७७२ चा जन्म, १८०१ मध्ये गेला, वय फक्त २८. नोकरी मीठ-उत्पादनाच्या सरकारी खात्यात, खाणशास्त्र शिकलेला माणूस. झोफी नावाच्या मुलीशी लग्न ठरलं होतं, ती १७९७ मध्ये पंधराव्या वर्षीच वारली आणि त्या दुःखातून त्याची 'रात्रीची स्तोत्रं' आली, १८०० ला छापून. त्यात रात्र भीतीची नाही, रात्र म्हणजे जवळ घेणारी, उजेडापेक्षा जास्त दाखवणारी. हे एकदा डोक्यात ठेवून ऐकलंस की या बँडच्या गाण्यांत रात्र, स्वप्न, चंद्र सारखे का येतात ते आपोआप उलगडतं. आपल्या बालकवींना वाचलेल्या माणसाला हा कवी परका वाटायचं कारणच नाही, तेही २७ व्या वर्षी गेले आणि त्यांच्याकडेही निसर्ग असाच जिवंत होऊन बोलतो.

गंमत म्हणजे बँडचा पहिला अल्बम 'बॅनिश्ड ब्रिज' (१९७३) इंग्रजीत होता. चांगला आहे, पण कोणीही केला असता असा. १९७५ चा 'नोवालिस' नावाचाच अल्बम आला तो जर्मनमध्ये, आणि तिथे बँडला स्वतःचा आवाज सापडला. तू आता हाच ऐक. त्यातल्या 'एस फेर्ब्टे झिश दी वीझे ग्र्यून' या गाण्याचे शब्द थेट नोवालिसच्या कवितेचे आहेत, कुरण हिरवं होत जातं, रोज नवी रोपटी दिसतात, आणि बघणाऱ्याला कळेना की आपल्या आतच हे काय होतंय. त्याच अल्बमवर 'इम्प्रेसिओनेन' म्हणून वाद्यसंगीताचा ट्रॅक आहे, त्यात ब्रुकनर या शास्त्रीय संगीतकाराच्या पाचव्या सिम्फनीतलं सूत्र घेतलंय. सिम्फॉनिक हा शब्द इथे नुसता शोभेला लावलेला नाही.

आणि 'वेर श्मेटरलिंगे लाखेन ह्योर्ट'! हे गाणं चुकवू नकोस. फुलपाखरांचं हसू ज्याला ऐकू येतं त्याला ढगांची चव माहीत असते, अशा अर्थाची सुरुवात आणि पुढे तो माणूस वाटलं तर झाड होतो, प्राणी होतो, वेडा होतो, शहाणा होतो. हे शब्द बँडचा गिटारिस्ट कार्लो कार्गेस याचे. तोच पुढे नेनाच्या बँडमध्ये गेला आणि '९९ लुफ्टबलॉन्स' चे शब्दही त्याचेच, पश्चिम बर्लिनला रोलिंग स्टोन्सच्या कॉन्सर्टमध्ये सोडलेले फुगे बघून सुचलेले. ते गाणं जगभर वाजलं. पण मला विचारशील तर कार्गेस कवी म्हणून या फुलपाखरांच्या गाण्यात जास्त दिसतो.

शीव_पूर्व

मी बरीच वर्षं जर्मन शिकवते, त्यामुळे लिरिक्सच्या प्रश्नावर लिहिते.

आधी ऐकायचंच. डोळे मिटून, काही न शोधता. कळलं नाही तरी ऐकायचं. जर्मन कविता कानाने धरायची गोष्ट आहे, आपल्या ओव्या-अभंगांसारखी, ज्ञानेश्वरीतली प्रत्येक ओवी कळूनच आपण लहानपणी आजीबरोबर बसत होतो असं थोडीच आहे. मग दुसऱ्या-तिसऱ्या वेळी ओळी समोर घ्यायच्या आणि मोठ्याने वाचायच्या. मोठ्याने हे महत्त्वाचं. जर्मनमध्ये गौण वाक्यात क्रियापद शेवटी जातं, मराठीत तर ते बहुतेक वेळा शेवटीच असतं, त्यामुळे वाक्य पूर्ण होईपर्यंत श्वास धरून ठेवायची सवय आपल्याला जन्मापासून आहे. इंग्रजीवरून जर्मनकडे आलेल्या विद्यार्थ्याला ते जड जातं, तुला जाणार नाही, फक्त इंग्रजीतून अर्थ लावायचं सोड आणि सरळ मराठीत लाव. वहीत मराठीत एकेक ओळ उतरवून बघ, कच्ची का होईना.

ए-टू वर नोवालिस कवी पूर्ण झेपणार नाही, शब्द जुने आहेत. पण कार्गेसचे शब्द साधे आहेत, ते झेपतील. आणि बँडचा निर्माता आखिम राइशेल याचा १९७८ चा 'रेगेनबालाडे' जरूर ऐक, त्यात गोएथे, फोन्टाने वगैरेंची कथाकाव्यं रॉकमध्ये बसवलीत. तिकडे शाळेत मुलं हीच कथाकाव्यं पाठ करतात. गोष्ट असल्यामुळे धागा सुटत नाही, मी वर्गात लावते तेव्हा एरवी गप्प बसणारी मुलंसुद्धा पुढे काय झालं ते विचारतात.

मेलोट्रॉन, बालकवींचं छान लिहिलंत.

परळ_टीटी

थोडं विरुद्ध मत मांडू का. संगीत अप्रतिम आहे, वाद नाही, पण या बँडचं गाणं मला फिकं वाटतं. जेनेसिसचा पीटर गॅब्रिएल कसा एकाच गाण्यात चार पात्रं उभी करतो, येसच्या जॉन अँडरसनचा आवाज कसा वर उडतो, इथे गायक आपला सरळ एका पट्टीत शब्द म्हणत जातो. एवढी कवितेची पुण्याई आहे तर ती आवाजात दिसायला नको का? १९७७ च्या अल्बमपासून फ्रेड म्यूलब्योक हा गायक आला तेव्हा जरा जीव आला असं माझं मत.

आणि सगळंच काही जर्मनमध्ये नाही हेही धागाकर्त्याला सांगायला हवं. एलॉय (हॅनोव्हर), ट्रिउम्फिराट (कोलोन), ग्रोबश्निटचा 'रॉकपॉमेल्स लँड' (१९७७), हे सगळं इंग्रजीत आहे. एलॉयचा 'ओशन' (१९७७) अटलांटिसच्या बुडण्यावरचा, ऐकावाच असा, शब्द त्यांच्या ड्रमर युर्गेन रोझेनथालचे. फक्त तिथे कविता शोधायला जाऊ नये, तिथे तो अवकाशात तरंगणारा आवाज ऐकावा.

मेलोट्रॉन_माटुंगा

@परळ_टीटी, म्यूलब्योक चांगला गायक आहे, पूर्ण मान्य. पण सरळ गाण्याला मी उणीव मानत नाही. कवितेवर अभिनय चढवला की कविता मागे जाते आणि गायक पुढे येतो. हृदयनाथांनी ग्रेस किंवा आरती प्रभूंची कविता लावली तेव्हा चाल कितीही अवघड असू दे, शब्द कुठे ताणला, चिरडला जात नाही, शब्दाला जागा मिळते. नोवालिस तेच करतात, गायक ओळ ठेवतो आणि बाजूला होतो, आणि मग जे बोलता येत नाही ते लुट्झ राहनचे कीबोर्ड बोलतात. 'झॉमरआबेंड' मध्ये गाणं किती थोडं आणि वाजवणं किती जास्त आहे बघा. दोन कडव्यांच्या मधल्या त्या लांब जागेत आधीची ओळ ऐकणाऱ्याच्या मनात मुरत राहते, म्हणून तर ती लांबी लागते. पुढची ओळ लगेच आली असती तर आधीची वायाच गेली असती. इंग्लिश प्रॉगमध्ये बऱ्याचदा ही लांबी हाताची कसब दाखवायला वापरली जाते, इथे ती शब्दासाठी आहे, आणि माझ्या दृष्टीने जर्मन सिम्फॉनिकचं वेगळेपण ते हेच.

डोंबिवली_स्लो

वाह, एवढं भरभरून येईल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. १९७५ चा अल्बम आज दुपारी पूर्ण ऐकला, कुरणाचं गाणं शीव_पूर्व ताईंनी सांगितलं तसं मोठ्याने वाचलं, पहिलं कडवं जवळजवळ सगळं कळलं!! मराठीत उतरवायला घेतलंय. होल्डरलिनबद्दल कोणी लिहील का? आणि पूर्व जर्मनीत असं काही होतं का?

गिरगाव_चर्चगेट

पूर्व जर्मनीवर मी लिहितो, कारण ते कायम राहून जातं.

तिकडे पॉप-रॉकचे रेकॉर्ड काढणारं सरकारी लेबल एकच, अमिगा. जर्मनमध्येच गावं असा आग्रह, आणि प्रत्येक गाण्याचे शब्द आधी तपासून घेतले जायचे. त्यामुळे दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे शब्द लिहायला मुरलेले गीतकार-कवी आले, आणि दुसरं म्हणजे जे उघड म्हणता येत नाही ते पाऊस, समुद्र, पूल, खिडकी यांच्या आडून म्हणायची सवय लागली, आणि ऐकणारेही तसंच ऐकायला शिकले. सिटी या बँडचं 'आम फेन्स्टर' घ्या, हिल्डेगार्ड मारिया राउखफुस या कवयित्रीची छोटीशी कविता, त्यावर व्हायोलिन घेऊन १९७८ च्या अल्बमवर सतरा मिनिटांच्या वर चाललेलं गाणं. बांधणीने लोकसंगीताकडे झुकणारं आहे, काटेकोर सिम्फॉनिक नाही, पण एक कविता किती पसरू शकते ते इथे कळतं. काटेकोर सिम्फॉनिक हवं तर श्टेर्न-कॉम्बो माइसेनचा 'वाइसेस गोल्ड', माइसेनच्या चिनीमातीचा शोध आणि राजाने सोनं करून दे म्हणून डांबून ठेवलेला किमयागार ब्योटगर, हा सगळा इतिहास रॉकमध्ये. आणि लिफ्टचा 'मेरेसफार्ट' (१९७९).

होल्डरलिन थोडक्यात: वुपरटालचा बँड, पहिला अल्बम 'होल्डरलिन्स ट्राउम' (१९७२) जर्मनमध्ये, बासरी, चेलो, व्हायोलिन, खूप नाजूक. मला त्यांचा हाच सगळ्यात जास्त आवडतो. नंतर नावाचं स्पेलिंग बदललं आणि शब्दही इंग्रजीकडे गेले, १९७५ च्या अल्बमवर मात्र 'श्वेबेबान' नावाचा एक ट्रॅक आहे, वुपरटालला १९०१ पासून नदीवरून लटकत धावणारी जी गाडी आहे तिच्या नावाचा. लोकलवाल्यांनी ऐकाच.

शीव_पूर्व

एक राहिलंच. एनीवन्स डॉटर, श्टुटगार्टचा बँड, १९८१ चा 'पिक्टोर्स फेरवांडलुंगेन'. हेर्मान हेस्सेची परीकथा, १९२२ ची, म्हणजे 'सिद्धार्थ' छापून आलं त्याच वर्षातली. लाइव्ह रेकॉर्डिंग आहे, थोडा वेळ वाचन, मग वादन, मग परत वाचन. पिक्टोर स्वर्गात येतो, झाड व्हायची इच्छा करतो, होतो, आणि मग एकटाच झाड होऊन म्हातारा होत जातो, बाकी सगळं बदलत राहतं आणि त्याला बदलता येत नाही, एक मुलगी येईपर्यंत. हेस्सेची आई आपल्याकडे केरळात जन्मलेली, आजोबा हेर्मान गुंडर्ट यांनी १८७२ मध्ये मल्याळम शब्दकोश काढला, त्यामुळे ही रूपं बदलण्याची कल्पना वाचताना घरातलीच वाटते.

वाचन सावकाश आणि स्पष्ट आहे, ए-टूवाल्याला निम्म्याहून जास्त कळेल. गोष्ट दोन-चार पानांचीच आहे, आधी वाचून घे. आणि ते कुरणाचं मराठी झालं की इथेच टाक, कच्चं असलं तरी, आपण सगळे मिळून बघू.