मॉरीन ओहारा यांचं काम कसं शिकवावं? ‘पिन’ काढताना गणित अडतंय

निळीशाई:
वित्तशास्त्राच्या वाचनगटात मॉरीन ओहारा यांच्यावर एक तासाचं सत्र आहे. कॉर्नेलच्या प्राध्यापक, २००२ मध्ये अमेरिकन फायनान्स असोसिएशनच्या पहिल्या महिला अध्यक्ष, एवढं सगळीकडे मिळतं. त्यांनी नेमकं काय मांडलं ते कोणत्या क्रमाने सांगावं? शिवाय त्यांचा ‘पिन’ (सौद्यामागे आतली खबर असण्याची शक्यता मोजणारा आकडा) एनएसईच्या डेटावर काढून दाखवायचाय. छोट्या शेअरना आकडा येतो, मोठ्या शेअरना ‘इन्फिनिटी’.

हिशेबनीस:
अध्यक्षपद शेवटी सांगा, सुरुवात १९८७ पासून करा. नॉर्थवेस्टर्नमधून १९७९ साली पीएचडी, मग कॉर्नेल, आणि तिथे डेव्हिड ईझली यांच्याबरोबर जमलेली जोडी. भाव कसा ठरतो हे सांगणाऱ्या त्याआधीच्या ग्लोस्टन-मिलग्रोम मॉडेलमध्ये (१९८५) सगळे सौदे एकाच आकाराचे होते. या दोघांनी विचारलं, ज्याला आतली खबर लागलीय तो थोडक्यावर का थांबेल? तो मोठा सौदा करेल, म्हणून भाव देणारा (बाजारात सतत खरेदीचा आणि विक्रीचा भाव लावून बसलेला) मोठ्या सौद्याला वाईट भाव देतो.

या दोघांचा १९९२ चा लेख मला सगळ्यात सुंदर वाटतो. त्यात सौदा न होणं हीसुद्धा माहिती ठरते. बराच वेळ कोणी फिरकलं नाही तर बातमी नसावी, असं मानून भाव देणारा स्प्रेड (खरेदी आणि विक्रीच्या भावांतलं अंतर) कमी करतो. हे फळ्यावर दहा मिनिटांत समजावता येतं, आणि ‘पिन’चं मूळ इथेच आहे. १९९५ चं ‘मार्केट मायक्रोस्ट्रक्चर थिअरी’ हे पाठ्यपुस्तक त्यानंतर दाखवा.

टिकटिक:
‘पिन’ म्हणजे एखादा सौदा खबर असलेल्याकडून आलेला असण्याची शक्यता (१९९६, ईझली, कीफर, ओहारा, पेपरमन). बातमीचा दिवस असण्याची शक्यता अल्फा. त्या दिवशी खबरवाल्यांचे सौदे म्यू. बाकीच्यांची रोजची खरेदी आणि विक्री, दोन्हीकडे एप्सिलॉन. अल्फा ०.४, म्यू ६०, एप्सिलॉन ४८ धरले तर ०.४ × ६० = २४, आणि पिन = २४ ÷ (२४ + ४८ + ४८) = ०.२०.

इन्फिनिटी येतं ते फॅक्टोरियलमुळे. पॉइसन सूत्रात (दिवसात अमुक इतके सौदे होण्याची शक्यता देणारं सूत्र) खरेदीच्या सौद्यांच्या संख्येचं फॅक्टोरियल असतं, आणि संगणकाच्या साध्या ‘डबल’ प्रकारच्या आकड्यात १७० च्या पुढचं फॅक्टोरियल मावत नाही. मोठ्या शेअरमध्ये १७० सौदे काही मिनिटांतच होतात. लॉगमध्ये काम करा: फॅक्टोरियलच्या जागी लॉग-गॅमा (थेट फॅक्टोरियलचा लॉग देणारं फंक्शन), आणि तीन प्रकारच्या दिवसांची (चांगली बातमी, वाईट बातमी, बातमी नाही) बेरीज करण्याआधी सर्वांत मोठं पद बाहेर काढा. निदान ६० दिवसांचा डेटा घ्या. अल्फा ० किंवा १ वर जाऊन चिकटला तर त्या उत्तरावर विश्वास ठेवू नका. वेगवेगळ्या सुरुवातीच्या आकड्यांपासून पुन्हा चालवा.

निळीशाई:
लॉग-गॅमाने सुटलं. खरेदी कुठली, विक्री कुठली हे कसं ठरवायचं?

टिकटिक:
ली-रेडी पद्धत. सौद्याला पुढाकार कोणाचा हे ती ठरवते: सौदा मधल्या भावाच्या (सर्वोत्तम खरेदी आणि विक्री भावांच्या मध्याच्या) वर झाला तर खरेदी, खाली झाला तर विक्री, बरोबर मधे झाला तर आधीच्या वेगळ्या भावाशी तुलना. एनएसईच्या रोख बाजारात भाव ऑर्डर बुकमधूनच ठरतो, म्हणून त्या क्षणाच्या सर्वोत्तम खरेदी-विक्री ऑर्डरवरून मधला भाव काढा. ९:१५ च्या आधीचे प्री-ओपनमधले सौदे वगळा. सगळे एकाच भावाने जुळवलेले असतात, त्यांना दिशा नसते.

पाणवठा:
अमेरिकेचा डेटा तुलनेला घेणार असाल तर डिसेंबर २०१३ च्या आधीचा जपून वापरा. १०० पेक्षा कमी शेअरचे सौदे तेव्हा सार्वजनिक टेपवर (सगळ्या सौद्यांच्या एकत्रित नोंदीत) येतच नसत. ओहारा यांनीच याओ आणि ये यांच्याबरोबर ते मोजलं: मध्यक पाहिला तर प्रत्येक शेअरचे १९ टक्के सौदे गायब, काहींचे ६६ टक्क्यांपर्यंत, आणि भाव ठरण्यात या छोट्या सौद्यांचा वाटा ३५ टक्के. खबरवाले लपायला सौद्याचे तुकडे करू लागले होते. १९८७ च्या लेखाशेजारी हा लेख ठेवा: तिथे मोठा सौदा संशयास्पद होता, इथे छोटा. स्वतःच्याच जुन्या गृहीतकाला त्यांनी नव्या बाजारात असं तपासून पाहिलं, हे सत्रात आवर्जून यावं. एनएसईच्या रोख बाजारात डीमॅट शेअर एकेक घेता येतो, तिथे ही गळती नाही.

टीकाही सांगा. ड्युआर्ट आणि यंग (२००९) यांच्या मते पिनचा शेअरच्या परताव्याशी दिसणारा संबंध मुख्यतः तरलतेच्या अडचणीतून (शेअर सहज विकता-घेता न येण्यातून) येतो, खबरेतून नाही.