गावच्या नाटकाचा पैसा गावातच राहील असं काही करता येईल का?

सत्तरीची_लेक
नमस्कार सगळ्यांना. आमचा गाव गोव्यात, सत्तरी तालुक्यात, होंड्याच्या पुढे. 2012 ला खाणी बंद, मग सुरू, मग 2018 ला परत बंद, ज्यांच्या दारात ट्रक होते त्यांची काय गत झाली ते इथं कुणाला सांगायला नको. शिकलेली पोरं वेर्ण्याला कंपनीत नाहीतर पणजीत, बाकीची सरकारी जाहिरातीची वाट बघत बसलेली.

पण एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. आमच्याकडे जत्रेला आणि कालोत्सवाला (देवळाच्या उत्सवाला) नाटकं होतातच, देणगी जमतेच, स्मरणिकेला जाहिराती मिळतात. आणि तो सगळा पैसा जातो कुठे? सेट बाहेरून, ड्रेपरी (नाटकाचे कपडे) बाहेरून, लाईट, साऊंड, मेकअपमन बाहेरून, स्त्रीपात्रंसुद्धा मानधन देऊन बाहेरून आणतो. पहाटे टेंपो भरला की आमचा पैसा त्याच टेंपोत बसून गेला. आणि आमच्याच गावात सुतार आहेत, शिवणकाम येणाऱ्या बायका आहेत, चवथीला मखर करणारी पोरं अशी की बघत राहावं.

गावची सरकारी प्राथमिक शाळा मुलं कमी झाली म्हणून बंद पडलीय, इमारत चांगली आहे. तिथं पावसाळ्यात सेट बनवायचे, बायकांनी कपडे शिवायचे, संध्याकाळी मुलांना चित्रकला आणि अभ्यास, असं काही जमेल का? इमारत मिळते का, आणि एवढ्यावर कुणाचं घर चालेल का हे खरं खरं सांगा.

विंगेतला_माणूस
ताई, मी फोंड्याकडचा, नेपथ्याच्या कामात आहे. काम आहे, पण वर्षभर नाही हे आधीच सांगतो. दिवाळी झाली की सुरू, मे पर्यंत जोरात, मग बंद. म्हणून यावरच घर चालवायचं म्हणत असाल तर नको, शेती किंवा काजूबरोबर जोडधंदा म्हणून बघा. आता काजूचा सीझन पण फेब्रुवारी-मार्च ते मे, म्हणजे ऐन नाटकांच्या गर्दीतच येतो, त्यामुळे बनवायचं काम सगळं पावसाळ्यात आणि सीझनला फक्त भाड्याने देणं आणि उभारणं, असं बसवावं लागेल.

सुरुवात बॉक्स सेटने करा. सामाजिक नाटकांना घराचा दिवाणखाना लागतोच, दोन दारं, एक खिडकी, जिना असला तर उत्तम. लाकडी चौकट, तिच्यावर मांजरपाट ताणून खिळायचं, वरून खळ द्यायची, सुकलं की कापड ढोलासारखं ताणतं, मग डिस्टेंपर. सगळ्या चौकटी एकाच मापाच्या ठेवा म्हणजे कुठल्याही नाटकाला फिरवून लावता येतात, नवशिके इथंच चुकतात, प्रत्येक नाटकाला वेगळं माप करतात आणि दुसऱ्या वर्षी ते लाकूड चुलीत जातं. राजवाडा, दरबार, पौराणिक पडदे यांच्या मागे पहिल्या वर्षी लागू नका, त्याला हात बसलेला रंगारी लागतो.

आणि पावसात बुरशी. सत्तरीत पाऊस कसा पडतो तुम्हाला माहीत. जमिनीवर ठेवलंत तर खालून वाळवी, भिंतीला टेकवलंत तर ओल. आडवे वासे टाकून वर ठेवायचं.

पेडण्याचे_मास्तर
मी सरकारी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालो. बंद शाळा बघितली की पोटात कालवतं. 1963 ला भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि वाड्यावाड्यावर प्राथमिक शाळा निघाल्या, आमची पिढी त्यातूनच उभी राहिली. 2011 च्या जनगणनेत गोव्याची साक्षरता 88.70 टक्के आहे, म्हणजे वाचायला लिहायला येत नाही ही आपली अडचण नाहीच, शिकलेल्याला गावात करण्यासारखं काही ठेवलं नाही ही अडचण. गाण्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर, कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर, मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर, सगळे आपल्याच खेड्यातले, आणि सगळ्यांना चरितार्थासाठी गोव्याबाहेर जावं लागलं. ते तेव्हाचं झालं, आज पण तसंच चालू द्यायचं का?

इमारतीचं सांगतो. ती शिक्षण खात्याच्या ताब्यात असते, पंचायत परस्पर देऊ शकत नाही. आधी ग्रामसभेत ठराव घ्या, तो जोडून भागशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत खात्याकडे अर्ज करा. अर्ज एकट्याच्या नावाने नको, संस्था नोंदवा, त्याला किमान 7 माणसं लागतात. नोंदणी असली की कला आणि संस्कृती खात्याच्या अनुदानाला पण अर्ज करता येतो.

आणि मुलांना चित्रकला वेगळी आणि अभ्यास वेगळा असं करू नका. सेटचा आराखडा त्यांच्याकडून काढून घ्या, एक इंचाला एक फूट. प्रमाण, क्षेत्रफळ, कापड किती लागेल, रंग किती लागेल, सगळं गणित त्यात आलं. वर्गात जांभया देणारी पोरं हे करताना घरी जायचं नाव घेत नाहीत, मी बघितलंय.

प्रॅक्टिकल_बोला
राग मानू नका पण हे सगळं ऐकायला बरं. नाटकाचा सेट भाड्याने देऊन कुणी घर बांधलेलं मी बघितलं नाही. पोरांना आयटीआयला घाला, वायरमन इलेक्ट्रिशियन होऊ दे, मोपाचा विमानतळ सुरू झालाय, तिथं कामं आहेत. कला हौस म्हणून ठीक.

विंगेतला_माणूस
भाऊ, आयटीआयला घालाच, मी तेच म्हणतो! जत्रेत लाईटचं काम करायला वायरमनच लागतो, आणि आमच्याकडे चांगला माणूस मिळत नाही. तोच मुलगा दिवसा नोकरी करून रात्री डिमर (लाईट कमीजास्त करायचं यंत्र) सांभाळेल, दोन्हीकडून पैसे.

गटाची_सेक्रेटरी_डिचोली
बाय गो, तुझं वाचून खूप बरं वाटलं. मी बायकांच्या गटाचे हिशेब बघते म्हणून तेवढंच सांगते.

शिवणकाम करणाऱ्यांनी आणि सुतारांनी पीएम विश्वकर्मामध्ये नाव घालावं. सप्टेंबर 2023 ला सुरू झालेली योजना, 18 धंदे आहेत, त्यात शिंपी पण आहे आणि सुतार पण. ट्रेनिंगला दिवसाला 500 रुपये, हत्यारांना 15,000 पर्यंत, आणि पहिलं कर्ज 1 लाखापर्यंत 5 टक्क्यांनी. एका घरातल्या एकालाच मिळतं हे लक्षात ठेव, नाहीतर नवरा बायको दोघं फॉर्म भरतात. सरकारी नोकरी असलेल्या घराला मिळत नाही.

ड्रेपरीत पहिल्यांदा नऊवारी आणि धोतर-अंगरखे, ते कुठल्याही नाटकाला चालतात. आणि जत्रेत खाजे बाहेरचे का विकतात? गोव्याच्या खाज्याला 2021 ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, गूळ, तीळ, आलं सगळं घरातलं, तुमच्या बायकांनी का करू नये. खायचं विकायचं तर एफएसएसएआयची (अन्नसुरक्षेची) नोंदणी करून घ्या. चवथीच्या आधी माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या रानफळांचं) सामान पण आहे, सत्तरीच्या रानात जे मिळतं ते साखळीच्या बाजारात हातोहात जातं, फक्त मुळासकट ओरबाडून आणू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, देवस्थानच्या कमिटीला फुकट देऊ नका. गावचंच आहे, देवाचंच काम, असं म्हणून पहिल्या वर्षी फुकट दिलंत की कायमचं फुकट. फोंड्याच्या सेटवाल्याला जे भाडं देतात तेच घ्या, पावती फाडा, आणि द्यायची असेल तर त्यातून देणगी द्या, वेगळी पावती करून. बायकांची मजुरी तासावर लिहा. हौसेने केलेल्या कामाचे तास कुणी लिहीत नाही आणि मग वर्षाच्या शेवटी भांडणं होतात, गट त्यानेच फुटतात.

सत्तरीची_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. फुकटचं ते अगदी बरोबर, कमिटीतले काका आत्ताच म्हणायला लागलेत की यंदा आपल्याच मुलांचा सेट, पैसे वाचले. उद्याच त्यांच्याशी बोलते. ग्रामसभेत विषय घालणार आहे. विंगेतले भाऊ, चौकटींचं माप काय धरू? आमचा मांड (गावातली नाटकाची जागा) उघड्यावर आहे, मंडप घालून स्टेज करतात.

विंगेतला_माणूस
उघड्यावर असेल तर उंची 8 फूट पुरे, जास्त केलीत तर वाऱ्याला धरत नाही. रुंदी 4. मागून तिरका टेकू आणि त्यावर वाळूची पोती, खिळ्यांवर विसंबू नका. चवथीनंतर या फोंड्याला, गोडाऊनमध्ये माझ्या चौकटी आहेत, सुताराला सोबत आणा म्हणजे तो सांधे बघून घेईल.